कोणाचंही नाव न घेता

“सर्व सन्माननीय सभासदांना नम्र विनंती. कोणाचंही नाव न घेता सांगू इच्छितो की...”

हा मेसेज सकाळी सहाच्या सुमारास पडला की आमच्या सोसायटीतली कुटुंबं चहा गाळता गाळता एकमेकांना विचारतात, “आज कोण?” नाव न घेता कसं सांगायचं, याचं काकांचं तंत्र पक्कं आहे. नाव ते खरंच घेत नाहीत. “बी विंगमधील, तिसऱ्या मजल्यावरील, लिफ्टमधून उतरताच डाव्या हाताच्या, दाराला गेल्या दिवाळीचे तोरण अद्याप असलेल्या सदनिकेतील सन्माननीय सभासदांनी” एवढंच लिहितात. त्यापेक्षा नाव घेतलेलं परवडलं असतं. निदान तोरण तरी वाचलं असतं.

ग्रुपवर त्यांना सगळे ‘नम्रकाका’ म्हणतात. अर्थात दुसऱ्या ग्रुपवर. कुठल्याही सोसायटीचे दोन ग्रुप असतात, एक ॲडमिन असलेला आणि एक ॲडमिन नसलेला. पहिल्यावर पाण्याच्या टाकीची चर्चा होते, दुसऱ्यावर पहिल्याची.

आमची सोसायटी इंदिरानगर ओलांडून पाथर्डी फाट्याकडे जाताना लागते. काका तिथे पहिल्या दिवसापासूनचे. त्याआधी चौतीस वर्षं ते प्रेसमध्ये होते. नाशकात ‘प्रेसमध्ये होते’ म्हटलं की पत्रकार समजायचं नसतं. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना समजायचा. १९२८पासून तिथे नोटा छापतात. काका तपासणीला होते. छापून आलेल्या कागदावर रेघ कुठे सरकली, शाई कुठे पसरली, आकडा कुठे तिरका बसला हे बघायचं आणि खराब निघालेला कागद बाजूला काढायचा. माणूस निवृत्त झाला, डोळा झाला नाही. आता छापखाना नाही तर आम्ही आहोत.

शिवी म्हणाल तर त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेली नाही. ‘अरे’सुद्धा नाही. सायकल वेडीवाकडी लावणाऱ्या सातवीतल्या मुलालाही ते ‘आपण’ म्हणतात, आणि तो मुलगा त्यांना बघून जिन्यानं जातो.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, ग्रुपवर शुभेच्छांचा पूर येतो. कुसुमाग्रज आमच्या गावचे, त्यामुळे इथे पाणी थेट दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागतं. निम्म्या शुभेच्छा ‘मराठी राजभाषा दिना’च्या असतात. काका पहाटेपासून दबा धरून बसलेले. एकेकाला स्वतंत्र उत्तर जातं. “शुभेच्छांबद्दल ऋणी आहे. राजभाषा दिन १ मे रोजी असतो. आज मराठी भाषा गौरव दिन. आपण दोन महिने आधीच शुभेच्छा दिल्यात, आपली तत्परता वाखाणण्याजोगी आहे. राग नसावा.” एकदा ए विंगमधल्या एका मुलीनं आईच्या फोनवरून एक कविता टाकली, खाली कवी म्हणून कुसुमाग्रजांचं नाव. काकांनी लिहिलं, “ही कविता कुसुमाग्रजांची नाही. ते आज हयात असते तर मोठ्या मनाने त्यांनी ती नाकारली असती.” तिची आई त्यानंतर कित्येक महिने ग्रुपवर काहीही बोलली नाही, पाणी गेलं तरी बोलली नाही, शेजारणीला बोलायला लावायची.

आणि काका बरोबर होते, हीच तर पंचाईत आहे. ते चुकत नाहीत. चुकले असते तर माफ करता आलं असतं.

त्यांच्या लिखाणाची हत्यारं बघण्यासारखी आहेत. इंग्रजीत ओरडायचं असलं की सगळी अक्षरं मोठी करतात. देवनागरीला ती सोय नाही, आपली सगळी अक्षरं एका उंचीची, शिरोरेघेला लटकलेली. मग ज्याला त्याला आपापला मार्ग शोधावा लागतो. आमचे जिभाऊ ‘पाणीऽऽऽऽ’ असे अवग्रह टाकत सुटतात. काही जण उद्गारचिन्हांची रांग लावतात. काकांनी चांदणीचा शोध लावला. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकली की तो शब्द ठळक होतो. काकांच्या मेसेजमध्ये फक्त एकच शब्द ठळक असतो, तो म्हणजे ‘काही’. “काही सभासद पाणी जपून वापरतात.” हे वाचून उरलेल्यांच्या अंगाची लाही होते, कारण तक्रार करायला वाक्यात काही सापडतच नाही.

त्यातच वेळेची गंमत आहे. १९९५च्या ऑक्टोबरात, म्हणजे आपल्याकडे इंटरनेट सामान्य माणसाला जेमतेम मिळू लागलं होतं तेव्हा, अमेरिकेत इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवर कसं वागावं याची एक नियमावली लिहिली. मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं, हे तिच्यात आहे. राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबवा, असाही सल्ला तिच्यात आहे. रात्रीत माणूस निवतो, असं बाईंना वाटलं असणार. काका हा नियम न वाचता तंतोतंत पाळतात. रात्री साडेदहाला कोणी काही बोललं तर ते एक अक्षर टाकत नाहीत. निळ्या खुणा मात्र पडलेल्या दिसतात. सकाळी सहाला जे येतं ते बघितलं की कळतं, त्यांचा राग रात्रीत निवत नाही, मुरतो. आम्ही रात्री साडेदहालाच शिव्या खायला तयार असतो. निदान झोप तरी लागली असती.

जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००४ साली मांडलं होतं की पडद्याआड गेला की माणसाचा बांध सुटतो. आपलं नाव कोणाला ठाऊक नाही, समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, मग एरवी जिभेवर न येणारे शब्द बोटांवर येतात. हे आपण रोज बघतो, कुठल्याही नटीच्या साडीच्या फोटोखाली बघावं. पण सोसायटीच्या ग्रुपवर नाव, मजला, गाडीचा नंबर सगळं जगजाहीर असतं. काकांचा तर फोटोही आहे, मागे सप्तशृंगीचा गड आणि पुढे शर्टाचं वरचं बटण लावलेले काका. पडद्याआड जाऊन त्यांचा बांध सुटलेला नाही. त्यांनी तो आणखी दोन वीट उंच केलाय आणि वरून पाणी सोडतात.

हे शिक्षण त्यांना कुठे मिळालं ते मला नंतर कळलं. काका मूळचे मराठी संस्थळांवरचे. मायबोली १९९६ची, मिसळपाव २००७चं, आणि त्या सुमारास आणखीही दोन-चार निघाली. परदेशात भाकरी आठवणारे इंजिनियर आणि इथले निवृत्त लोक रात्र रात्र तिथे भांडायचे. ती एक वेगळीच मराठी होती. लेखाचा ‘धागा’ व्हायचा, कोणी मुद्दाम ‘काडी टाकायचं’, ‘कंपू’ जमायचे, एकच माणूस दोन नावांनी स्वतःची पाठ थोपटायचा त्याला ‘डूआयडी’ म्हणायचे, आणि बोचरं लिहून झालं की खाली ‘ह. घ्या.’ म्हणजे हलके घ्या असं लिहायचं, की झालं. अशाच एका ठिकाणी काकांनी एका गझलेखाली आपलं मत सरळ शब्दांत दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा आयडी उडाला. चौतीस वर्षांत एक मेमो न मिळालेला माणूस! काकूंच्या सांगण्याप्रमाणे दोन दिवस जेवले नाहीत.

मग नवा आयडी घेतला आणि नियम वाचून काढले. वैयक्तिक रोख नको, अपशब्द नको, जातीवरून नको. काकांना उजेड पडला. शब्दांवर बंदी आहे, हेतूवर नाही. ‘तुम्हाला अक्कल नाही’ लिहिलं तर संपादक मंडळ धावून येतं. ‘आपल्या वाचनाचा आवाका लक्षात आला, धन्यवाद’ लिहिलं तर संपादक मंडळ काय करणार? त्या दिवशी नम्रकाकांचा जन्म झाला. शिव्या बंद केल्या की उद्धटपणा संपतो, असं मानणाऱ्यांनी एकदा आमच्या ग्रुपवर यावं. पाहुणे म्हणून, सभासद म्हणून नको.

आपल्या भाषेत झोडपण्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४पासून ‘निबंधमाले’त लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर जे सोडलं ते आज वाचतानाही अंगावर येतं. अत्र्यांच्या ‘मराठा’नं कित्येकांची झोप उडवली. न्याय-अन्यायाचा हिशेब वेगळा, तो त्यात पुष्कळ आहे. पण ही मंडळी ज्याला झोडायचं त्याचं नाव घेत, त्यामुळे ज्याला लागलं त्याला उत्तर द्यायला जागा असायची. नाव न घेता मारलेल्या माणसानं काय करावं? “ते तोरणवाले आम्हीच” असं उभं राहून सांगावं?

मिसळीचं प्रकरण सांगते.

अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागलेला एक मुलगा पुण्याहून इथे भाड्यानं राहायला आला. शनिवारी रात्री त्यानं ग्रुपवर विचारलं, “इथे जवळ चांगली मिसळ कुठे मिळेल?” नाशिकमध्ये हा प्रश्न विचारू नये, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांत काळ्या रश्श्यावाले आणि लाल रश्श्यावाले समोरासमोर आले. चुलीवरचीच खरी, असं कोणी म्हणालं. गंगापूर रोडच्या मळ्यात बसून खातात ती मिसळ नाही, ती सहल आहे, असं दुसरं कोणी. पापड आणि दही वेगळं द्यावं की नाही, यावर सी विंगमधल्या दोन सख्ख्या जावांचं वाजलं. एकानं मधेच कोल्हापूरचं नाव काढलं, त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. जिभाऊंनी लिहिलं, “काळ्या रश्श्याची खाय पोरा. बाकी सब झूठ.” सगळं कसं खेळीमेळीत चाललं होतं.

सकाळी सहाला काका आले. “सन्माननीय सदस्य, आपण पुण्याहून आलात, तेव्हा आपला प्रश्न स्वाभाविक आहे. पोह्यांवर फरसाण टाकून त्यास मिसळ म्हणण्याची सवय असलेल्यांस नाशिकची मिसळ समजायला वेळ लागतो. तो आपण अवश्य घ्यावा. घाई नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो.”

पोरगं बिचारं झोपेतून उठलं आणि त्यानं अंगठा पाठवला. त्याच्या पिढीत अंगठा म्हणजे ‘बरं’. काकांचं उत्तर, “अंगठा पोचला. आमच्या काळी तो निरक्षर माणसं देत.”

आता जिभाऊंबद्दल सांगायला हवं. जिभाऊ सटाण्याकडचे. तिकडे शेती, डाळिंबाची बाग, मुलांच्या शिक्षणासाठी इथे फ्लॅट. ते ग्रुपवर टाइप कमी करतात, बोलून पाठवतात, आणि मागे ट्रॅक्टरचा आवाज असतो. त्यांचा आवाज आला, “ओ काका, पोरगं भुकेलं, मिसळ इचारून राहिलं, तुम्ही त्याचा भाडेकरार कशाला काढता? डोकं फिरलं का तुमचं?” सगळ्यांनी कानात ऐकलं, उत्तर कोणी दिलं नाही. संध्याकाळी जिभाऊ त्या पोराला जीपमध्ये घालून कुठेतरी जेवायला घेऊन गेले आणि येताना काकांच्या दाराशी डाळिंबांची पिशवी ठेवून आले. त्यांच्या लेखी विषय तिथे मिटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. “डाळिंबे पोचली, गोड आहेत. ‘डोकं फिरलं’ या आपल्या विधानाबाबतचा खुलासा मात्र अद्याप पोचलेला नाही.”

मला जुन्या नाशकातल्या रहाडी आठवतात. पेशवाईतले ते दगडी हौद वर्षभर जमिनीखाली बुजवलेले असतात. रंगपंचमीला उकरून उघडतात, रंग कालवतात, आणि मग कोण कोणाला धरून आत टाकतंय याला धरबंध राहत नाही. लोक धप्पाधप्प उड्या मारतात, सावकार आणि हमाल एकाच रंगाचे होऊन बाहेर येतात. मग रहाड परत बुजवतात, वर्षभर ती गल्ली सभ्य. जिभाऊ रहाडीतले. काकांची रहाड कधी उघडतच नाही, आणि त्यामुळे कधी बुजतही नाही. ती वर्षभर ठिबकत राहते.

व्हॉट्सॲपनं मे २०२३मध्ये पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करायची सोय दिली, तेव्हा आम्हाला वाटलं काकांना आनंद होईल. त्यांनी तीव्र नापसंती नोंदवली. लिहिलेला शब्द बदलणं म्हणजे ‘ध’चा ‘मा’. ही उपमा त्यांना फार जवळची, कारण ती गंगापूर रोडवरच्या आनंदवल्लीपर्यंत पोचते. राघोबादादा आणि आनंदीबाई तिथे राहत, गावाला नाव तिच्यावरून पडलं. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली शनिवारवाड्यात झाला, पण ‘धरावे’चं ‘मारावे’ करणाऱ्या त्या बाईला आपण आपल्या गावात सांभाळलं, असं काका काहीशा अभिमानानं सांगतात. ती गोष्ट दंतकथा असल्याचं इतिहासकार म्हणतात, असं एकानं लिहिलं. काकांनी त्याला तीन पुस्तकांची नावं पाठवली आणि खाली लिहिलं, “सवडीने वाचावीत. सवड आपल्याकडे आहे, हे आपल्या मेसेजांच्या संख्येवरून दिसते.”

कायद्याची भीती त्यांना एकदाच वाटली. ग्रुपवर कोणी काही आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिन तुरुंगात जातो, असा मेसेज मधे फिरत होता. आमचे ॲडमिन काकाच, त्यामुळे ते महिनाभर प्रत्येकाच्या ‘सुप्रभात’लाही “ही आपली वैयक्तिक जबाबदारी आहे” असं उत्तर द्यायचे. एका तापट सभासदानं तर त्यांच्यावर कलम ६६ अ खाली तक्रार करतो म्हणून धमकावलं. सोसायटीतल्या वकीलबाईंनी सांगितलं की ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५च्या मार्चमध्येच रद्द केलंय. आपल्याच पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून २०१२ साली अटक झाली होती, त्या खटल्याची सुरुवात तिथून. पुढे मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्पष्ट केलं की सभासदानं टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. वकीलबाईंनी निकाल ग्रुपवर टाकला. काका सुटले म्हणून आम्ही अभिनंदन केलं. पण काका दोन दिवस उदास. निकालात पुढे असंही होतं की ॲडमिनचे अधिकार मर्यादित असतात, सभासद घेणं आणि काढणं, बस. एवढ्या वर्षांची सेवा आणि उच्च न्यायालयानं दोन क्रियापदांत गुंडाळली.

तरी एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे.

२०१८च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आमच्या ग्रुपवरही आला. फोटो, व्हिडिओ, “जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.” पाच-सहा जणांनी पुढे ढकलला, वॉचमनला फिरस्त्यांना आत सोडू नको म्हणून सांगायचं ठरत होतं. तेव्हा काकांचा मेसेज आला. सकाळी सहाला नाही, तिथल्या तिथे, दुपारी. त्यात नम्र विनंती नव्हती. “कोणत्या गावात? कोणत्या तारखेला? कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? सांगता येत नसेल तर खोटं आहे. आत्ता काढा.” आणि खाली ज्यांनी ज्यांनी पाठवला होता त्यांची नावं. पूर्ण नावं, आडनावांसकट. सगळ्यांनी निमूट काढला. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, भर आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला जमावानं घेरलं, पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. तपासणीवरचा तो डोळा त्या दुपारी आमच्याकडे होता, म्हणून आमच्या फाटकावर काही झालं नाही. नंतर काकांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही. लगेच पुढच्या सोमवारी त्यांनी जिन्यातल्या कुंड्यांविषयी नम्र विनंती केली.

मसुद्यांची वही मी पाहिली ती डबा परत करायला गेले तेव्हा. काका फिरायला गेले होते. टेबलावर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं कापून शिवलेली पाठकोरी वही उघडी पडलेली. निळ्या शाईत आधी लिहिलेलं, त्यावर एकच सरळ रेघ मारून खोडलेलं, वर लाल शाईत नवीन. निळ्यात होतं, “टाकी काय तुमच्या बापाची आहे?” वर लाल, “टाकी ही सर्व सभासदांची सामायिक मालमत्ता आहे, याचे विस्मरण होऊ नये.” निळ्यात, “बिनडोक माणसा,” वर लाल, “सन्माननीय सदस्य.” एका जागी निळ्यात ‘बैल’ होतं. लाल शाई तिथे बराच वेळ थबकलेली दिसली, टिंबं टिंबं पडली होती, आणि मग ‘मान्यवर’. काकू मागून येऊन उभ्या राहिल्या. “मी निळंच वाचते,” त्या म्हणाल्या. “त्यात कळतं तरी काय झालंय ते.”

आता २०२७चा सिंहस्थ येतोय. नाशिककराला कुंभमेळ्याची धास्ती गर्दीची नसते, पाहुण्यांची असते. एरवी लग्नालाही न बोलावणारे नातेवाईक पर्वणीला सहकुटुंब उतरतात. कोणाकडे किती पाहुणे, त्यांच्या गाड्या कुठे, पाणी कोणाचं, यावर आमच्या ग्रुपवर आत्तापासून रणकंदन आहे. काकांनी विनंत्यांवर विनंत्या केल्या. ‘काही’ ठळक झाला, ‘सुज्ञास सांगणे न लगे’ झालं, २०१५च्या सिंहस्थातल्या ‘एका विशिष्ट सदनिकेतील अतिथिसंख्येचा’ उल्लेख झाला. काकांना नक्की हवंय काय, हे मात्र कोणालाच कळेना. जेवढी विनंती नम्र होत गेली तेवढे लोक पेटत गेले.

अलीकडे टाइप करून बोटं दुखतात म्हणून काका मसुद्याचा फोटोच टाकतात. गेल्या आठवड्यात फोटो पडला तो लालचा नव्हता. निळ्याचा होता, लाल चढायच्या आधीचा.

“सोसायटी आहे का धर्मशाळा? मागच्या सिंहस्थात सी विंगवाल्याने सतरा माणसं उतरवली. टाकी सकाळी सातला कोरडी. मी अंगाला साबण लावून अर्धा तास बसलो. हिने शेवटी पिण्याच्या पाण्याने धुतलं. परत असं झालं तर मी ओल्या अंगाने खाली येऊन बसेन. जिभाऊ माणूस चांगला, पण जीप अशी लावतो की मला कडेनं पोट आत घेऊन जावं लागतं, आणि मला पोट आहे.”

दहा मिनिटं ग्रुप गप्प. मग सी विंगवाले, “काका, साबण लावून बसला होतात? अहो, आधी नाही का सांगायचं! आमच्याकडे पिंप भरून होतं.” मग जिभाऊंचा आवाज, मागे ट्रॅक्टर, आणि ते इतके हसत होते की पहिला निम्मा मेसेज नुसतं हसणंच, “जीप उद्यापासून बाहेर लावतो काका. पोटाचं आधी बोलले असते तर!” मग कोणीतरी म्हणालं, ज्यांच्याकडे पाहुणे त्यांनी टँकरचा खर्च वाटून घ्यावा. हो म्हणाले. सकाळी सात ते आठ मोटर चालूच ठेवायची. हो म्हणाले. काका योगवर्गाहून परत यायच्या आत सगळं मिटलं होतं. पुण्याच्या पोरानं पुन्हा अंगठा टाकला.

परवा ‘नम्र खुलासा, भाग १/३’ आला. त्यात साबणाचा उल्लेख नाही.

चुकीचं पान गेलं कसं, हे मी काकूंना भाजी निवडता निवडता विचारलं. “त्यांचा चष्मा सापडत नव्हता,” काकू म्हणाल्या. “फोटो मीच काढून दिला.”